जबानी घेणारे शेजूळमामा

शेजूळमामा गाडीला हात लावायच्या आधी माणसाला बसवायचे.

वर्कशॉपच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाखाली, मोडीत निघालेल्या एका व्हॅनचं मागचं सीट त्यांनी टाकून ठेवलं होतं. ज्याची गाडी सुरू होत नाही तो मालक त्या सीटवर, आणि मामा समोर उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर. हातात मीटर नाही, पेचकस नाही. कॅलेंडरचं फाडलेलं पान आणि कानावरची पेन्सिल, बस.

"हां, सांगा. गाडी शेवटची कवा चालू झाली? तवापासून आत्तापर्यंत काय काय झालं? गाडीचं नका सांगू, गाडीचं मी बघतो. तुमचं सांगा."

याला ते जबानी म्हणत. पोरं हसायची. रफिक नावाचा आमचा इंजिनचा मेकॅनिक लांबून ओरडायचा, "मामा, कोर्ट कब छूटता? मेरेकू वो गाडी उठानी है ना!" मामा मान वर न करता म्हणायचे, "गवाह पलटंना अजून. थांब जरा."

मी त्या वर्कशॉपात सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. म्हणजे गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या टेबलाशी यायचं, मी कागद करायचा, गाडी आत द्यायची, संध्याकाळी गोड बोलून परत करायची. मामा इलेक्ट्रिशियन. मी उस्मानपुऱ्यातून स्कूटरवर वाळूजच्या रस्त्यावरच्या त्या वर्कशॉपात जायचो, मामा रोज दौलताबादहून एसटीनं यायचे. दोन बस बदलून. तरी माझ्या आधी पोचलेले असायचे आणि मी आलो की म्हणायचे, "ये रे दिलीप. झोप झाली का राजा?"

चौदा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्यांच्याबद्दल आजवर मी कुठं काही बोललो नाही, कारण बोलायला लागलो असतो तर थांबता कुठं यायचं हे मला माहीत होतं. आज थांबणार नाही.

मामांची खासियत होती चोरीविरोधी कुलपाच्या बिघाडात. आता बहुतेक सगळ्या गाड्यांना ते असतं. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली कुलपात घातली की कुलपाभोवतीचं एक कडं तिला विचारतं, तू कोण? चिपनं बरोबर उत्तर दिलं तर गाडी सुरू होते. नाही दिलं तर समोर किल्लीचं लाल चित्र लुकलुकतं आणि मालकानं देव पाण्यात घातले तरी इंजिन धरत नाही. मामा मालकाला समजावून सांगायचे, "गाडी बिघडली नाय तुमची. ती तुम्हाला वळखंना."

तपासायचं मशीन आमच्याकडे होतं. मामा ते वापरायचे, पण शेवटी. "मशीन म्हणतंय किल्ली वळखली नाय. बरोबर हाय. पण कामून वळखली नाय, ते त्याला कुठं ठाऊक हाय? ते माणसाला ठाऊक असतं. फक्त आपल्याला ठाऊक हाय हे त्याला ठाऊक नसतं."

एक प्राध्यापक होते. त्यांची गाडी घरी सुरू व्हायची नाही, आमच्याकडे ओढून आणली की पहिल्या फटक्यात सुरू. तीनदा असं झालं. तिसऱ्या वेळी प्राध्यापक रडकुंडीला आले. मामांनी त्यांना सीटवर बसवलं आणि पाऊण तास जबानी घेतली. सकाळी उठता कधी, किल्ली कुठं टांगता, कोण देतं, कशाला अडकवलेली असते. तिथं सापडलं. प्राध्यापकांचा भाऊ पुण्याला गेला होता आणि आपल्या गाडीची किल्ली यांच्याकडे ठेवून गेला होता. यांनी ती आपल्याच किल्लीच्या कड्यात अडकवली. आमच्याकडे देताना मात्र आपली किल्ली तेवढी सोडवून द्यायचे, दुसऱ्याची वस्तू हरवू नये म्हणून. घरी एका कुलपाशी दोन चिपा एकदम बोलायच्या आणि गाडीला कळायचं नाही कोणाचं ऐकावं.

"सर," मामा म्हणाले, "वर्गात दोन पोरं एकदम उत्तर द्यायला लागली की तुम्ही काय करता?"

"दोघांना गप्प बसवतो."

"मंग! गाडी तेच करायली."

दुसरी गोष्ट फुलंब्रीकडच्या एका जमीनदार घरातली. नवी गाडी, मुलाचं लग्न आठवड्यावर, आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून आणलेली. बरोबर मुलगा, त्याचे दोन चुलते आणि आई. आईनं नजर लागू नये म्हणून किल्लीच्या डोक्याभोवती तांब्याचा पत्रा गुंडाळून त्यात ताईत बसवून घेतला होता, सोनाराकडून, अगदी घट्ट. धातूच्या आवरणातून चिपचं उत्तर बाहेर पडत नव्हतं. मुलगा आईवर खेकसला, "तुला सांगितलं हुतं ना, असलं काय करू नको म्हणून!" आईचं तोंड एवढंसं झालं.

मामांनी त्याला झापलं. "आवाज खाली. आईनं केलंय, चोरानं नाय." मग पत्रा हलक्या हातानं सोडवला, ताईत न मोडता काढला आणि त्या बाईंसमोर धरला. "आई, नजर गाडीला लागती का किल्लीला?"

"गाडीला."

"मंग ह्याला गाडीत बांधू. किल्लीच्या डोक्यावर नको." स्टिअरिंगच्या खालच्या दांड्याला त्यांनी तो काळ्या दोऱ्यानं स्वतः बांधून दिला. जाताना त्या बाई मामांच्या पाया पडायला वाकल्या तेव्हा मामा इतके गोंधळले की ऑइलच्या डब्याला अडखळून पडता पडता वाचले.

असं किती सांगू? पण मला त्यांची एक सवय सगळ्यात जास्त आठवते. स्वतःची चूक सांगायला त्यांना वेळ लागायचा नाही. एकदा एका गाडीचा फ्यूजचा डबा त्यांच्या हातून जळाला. कोणी बघितलं नव्हतं. जुनी गाडी, आधीच जळालेला होता म्हणून सहज खपलं असतं. मामा हात पुसत बाहेर आले, गिऱ्हाइकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, चांगला हुता. माझ्या हातनं गेला." आमचा मॅनेजर लालबुंद. नंतर मी विचारलं, "मामा, गप्प बसला असता तर?"

डब्यातली भाकरी मोडत ते म्हणाले, "मी रोज लोकास्नी खरं सांगा म्हणतो. मंग मला नको का सांगायला?" आणि ठेच्याचा गोळा माझ्या पोळीवर ठेवला. माझ्या डब्यातल्या भाजीला ते दवाखान्याची भाजी म्हणायचे.

आता ती पांढरी गाडी.

वाळूजच्या एका कारखानदाराच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे यायच्या. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांची स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला आली. मागं कॅमेराही बसवायचा होता, ते काम मामांकडे. किल्लीचं कव्हर तडकलेलं होतं. जाता जाता साहेब मला म्हणाले, "एवढं बदलून ठेवा."

नियम असा होता की किल्लीचं कुठलंही काम मामांकडे. पण मामा गाडीच्या डिकीत डोकं घालून बसले होते, आणि मला वाटलं, कव्हर तर बदलायचंय. टेबलाशी बसूनच, दोन फोनांच्या मधे, मी जुनं कव्हर उघडलं, आतली रिमोटची पट्टी आणि बॅटरी नव्या कव्हरात बसवली, सुटू नये म्हणून कडेनं डिंक लावला आणि जुनं कव्हर टोपलीत टाकलं. बटण दाबलं. गाडीचे दरवाजे टक्क उघडले. झालं, म्हटलं.

चिप त्या पट्टीवर नसते. ती वेगळी, कव्हरच्याच एका खाचेत चिकटवलेली असते. दरवाजे रिमोटनं उघडतात, इंजिन चिपनं. हे मला ऐकून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब गाडी न्यायला आले. गाडी सुरू होईना. लाल चित्र लुकलुकायला लागलं. मॅनेजर धावत आला, पहिलंच वाक्य, "कॅमेऱ्याची वायर कोणी टाकली?" मामा म्हणाले, "मी. पण थांबा. आधी जबानी." दुसरी किल्ली साहेबांच्या पत्नीकडे होती, आणि त्या परदेशात. साहेबांची जबानी दोन मिनिटांत संपली. ते घाईत होते, दुसऱ्या गाडीनं निघून गेले. मग मामांनी मला सीटवर बसवलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मॅनेजर कमरेवर हात ठेवून शेजारी उभा.

"काल गाडी कोणी लावली?"

"मीच."

"चालू झाली हुती?"

"एका झटक्यात."

"मंग किल्ली कोणाकडं हुती?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

मामांनी किल्ली उलटीपालटी केली. "कवर नवं दिसतंय रं."

मी मॅनेजरकडे बघितलं आणि म्हणालो, "साहेबांनीच बदललंय बाहेरून. महिना झाला."

एवढंच. त्या क्षणी, शपथेवर सांगतो, कव्हरमुळे गाडी बंद आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला फक्त नियम मोडल्याबद्दल मॅनेजरची बोलणी खायची नव्हती. मामांनी पानावर लिहिलं: कवर, महिना. आणि किल्लीचा विषय तिथं संपला. रफिक म्हणाला, "मामा, किल्ली खोल के देख लो एक बार." मामा म्हणाले, "ज्या किल्लीवर गाडी महिनाभर पळाली ती फोडून काय करू? डिंकानं चिकटवलेली हाय, कवर मोडंल. दिलीप सांगतोय ना."

दिलीप सांगतोय ना.

त्यांनी कुलपाभोवतीचं कडं तपासलं. चांगलं होतं. स्वतःच टाकलेली कॅमेऱ्याची वायर पूर्ण उपसून काढली. काही नाही. संध्याकाळपर्यंत डॅशबोर्ड उघडा पडला होता. मॅनेजर म्हणाला, गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय, उद्या सकाळी तोच उघडा.

मी टेबलाशी परत आलो. पायाला कचऱ्याची टोपली लागली. जुनं कव्हर उचललं आणि हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. नखानं उचकटलं तर खाचेतून सुटलेली चिप माझ्या तळहातावर पडली.

माझ्याकडे पूर्ण संध्याकाळ होती. पूर्ण सकाळ होती. कोणी मला धमकावलं नव्हतं, नोकरी गेली नसती, फार तर आठ दिवस टोमणे खाल्ले असते. पण आता सांगायचं म्हणजे चूक नुसती चूक राहिली नव्हती, खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं, तेही मामांना. मी चिप परत टोपलीत टाकली. सकाळी झाडणाऱ्या मावशी टोपली रिकामी करून गेल्या. मी बघत होतो.

मामांनी कॉम्प्युटर उघडला. मशीन जोडून नव्यानं ओळख करून द्यायच्या प्रयत्नात तो खरोखरच मेला. आता ती गाडी खरी बंद पडली. साहेब आले, सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले आणि आपल्या सगळ्या गाड्या काढून घेऊन गेले. पुढं कंपनीकडून नवा कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर नव्या जोडीच्या किल्ल्या आल्या, गाडी सुरू झाली. जुनी किल्ली कोणी परत बघितलीच नाही.

मॅनेजरनं विचारलं तेव्हा मामा आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "कुठं चुकलं ते सापडंना. पण वायर मीच टाकली हुती. माझ्याच हातनं गेलं असंल." दिवाळीनंतर येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. जाताना त्यांनी मला आपलं मीटर दिलं. "ठेव. तुला लागंल." मी घेतलं. घेतलं मी ते.

मला वाटलं होतं ते दुसरीकडे लागतील. त्यांच्यासारखा माणूस शहरात नव्हता. तीन वर्कशॉपांतून बोलावणं गेलं. ते गेले नाहीत. रफिक एकदा दौलताबादला जाऊन आला आणि म्हणाला, "मामा जाम बेचता अब, पेरू. किसी की गाडी को हात नहीं लगाता. गाव के एक का ट्रॅक्टर बंद पडा था, बोला, मेरा अंदाज गया बाबा, दूसरे को बताओ." त्यानंतर मी रफिककडे मामांची चौकशी करणं सोडलं. पुढं मी त्याच वर्कशॉपाचा मॅनेजर झालो.

असं नऊ वर्षं चाललं. मागच्या महिन्यात आमच्याकडे नवीन लागलेली प्राजक्ता नावाची अ‍ॅडव्हायझर माझ्या केबिनमध्ये आली. "सर, ती निळी गाडी सुरू होत नाहीये. माझ्यामुळे. मी किल्लीचं कव्हर बदललं आणि चिप जुन्यातच राहिली." तिच्या हातात ते जुनं कव्हर होतं. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. तिला बोलायला जेमतेम दहा सेकंद लागली असतील. मी तिला शाबासकी द्यायला उठलो आणि तिच्या हातातलं ते जुनं कव्हर ओढून घेतलं. ती घाबरली, तिला वाटलं मी रागावलोय.

पुढच्या रविवारी मी दौलताबादला गेलो.

किल्ल्याच्या पुढं वळणावर, चिंचेच्या झाडाखाली हातगाडी. पेरूंचा ढीग, मीठ-तिखटाची वाटी. मामा वाळले होते. मामी मागं पोत्यावर बसून पेरू निवडत होत्या.

"ये रे दिलीप!" त्यांनी मला लांबूनच ओळखलं. "केस पांढरे केलेस का रं? मॅनेजर झाला म्हनं. हे घे, कापतो तुला. तुझ्या त्या दवाखान्याच्या भाजीपरीस बरं."

मी पेरू हातात घेतला आणि तसाच धरून सगळं सांगितलं. आधी वाटलं होतं, वळसे घेत सांगेन. नाही जमलं. सरळ सांगितलं. मधे सहलीची एक बस थांबली, बायका उतरल्या, मामांनी त्यांना पेरू तोलून दिले आणि परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कवर तू बदललंस."

"हो."

"आन् चिप सापडली ती संध्याकाळीच."

"हो."

"म्हंजी मी कॉम्प्युटर उघडायच्या आधी."

"आधी."

"मी कॉम्प्युटर उघडला तवा तू कुठं हुतास?"

"तुमच्या शेजारी, मामा. टॉर्च मीच धरला होता."

त्यांनी मान हलवली. वायरीचा एखादा जोड सापडला की हलवायचे तशी, हळू. मग मागं वळून मामींना म्हणाले, "ऐकलं का? ती पांढरी गाडी. माझ्या हातनं नव्हती गेली."

मामींनी माझ्याकडे बघितलं. "मंग हे तवाच नाय का सांगायचं, भाऊ? नऊ वर्सं झाली. ह्या माणसानं घरातला बल्ब बदलला नाय. शेजारचं पोरगं बोलवावं लागतं." आवाज चढवला नाही त्यांनी. डोळ्याला पदर लावला आणि परत पेरू निवडायला लागल्या, पण चांगले-वाईट एकाच ढिगात जात होते.

मी म्हणालो, "मामा, मी उद्या सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही परत या. आता माझ्या हातात आहे."

"सांगा की," मामा म्हणाले. "सांगा तुम्ही. चांगलंच हाय. पण माझ्या येण्यासाठी नका सांगू. मी नाय येणार."

"रागावलात?"

"त्याचा विचार करायला जरा वेळ लागंल मला." त्यांनी सुरी फडक्यानं पुसली. "आत्ता एवढंच वाटतंय, हात चांगले हुते माझे. उगं धरून बसलो."

गाडी मागं घेऊन रस्त्यावर काढायची होती. मी गाडीत बसलो. रस्ता वळणाचा, एका बाजूला उभ्या बसा, दुसरीकडे झाडं. मागं वळून काही दिसत नव्हतं. हातगाडी सोडून मामा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. वेरूळकडून येणारी जीप त्यांनी एका हातानं थांबवली आणि दुसरा हात मला दाखवून हलवायला लागले.

"या साहेब, या. अजून या. रिकामं हाय मागं."

मी आरशात बघितलं. उन्हानं आरसा पांढरा झाला होता. ते सांगत होते तेवढ्यावर मी मागं येत राहिलो.